बदाम राणी आणि ग्राफिक्सचं बटण

वसईच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘ऑप्टिमाइझ’चं बटण दाबलं की सॉफ्टवेअर गेमची ग्राफिक्स सेटिंग आपोआप लावून देतं. मग तोच गेम, त्याच नावाचं कार्ड असलेल्या मित्राच्या लॅपटॉपवर मस्त पळतो आणि माझ्याकडे मे महिन्यात अडखळतो, असं का?

कारण ते बटण तुमचा लॅपटॉप फक्त ओळखतं, तपासत नाही. एनव्हिडियाने २०१३च्या सुमारास जीफोर्स एक्स्पीरियन्स आणलं (आता त्याची जागा एनव्हिडिया अ‍ॅपने घेतली आहे), त्याची पद्धत अशी : कंपनीच्या प्रयोगशाळेत निरनिराळी कार्डं आणि प्रोसेसर लावून गेम आधीच चालवून बघतात. त्या निकालांतून तुमच्या कार्डाला जुळणारी सेटिंग निवडून गेमच्या फाइलीत लिहिली जातात. बस्स. कार्डाची ताकद तसूभरही वाढत नाही. जाहिरातीतला ‘बूस्ट’ बहुतेकदा सावल्या कमी करून कमावलेला असतो.

त्या निकालांत वसईचा मे नसतो. आरटीएक्स ४०६० कार्डाला लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॉट देते की ११५, हे मॉडेलवर ठरतं. कार्डाचं नाव मात्र तेच. त्यात वरच्या मजल्यावरची तापलेली खोली. चिप गरम झाली की स्वतःला आवरते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. चिप मंदावली की तेवढ्यात काम उरकत नाही. तेव्हा चार्जर लावा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, आणि आधी सावल्या व रिफ्लेक्शन एकेक पायरी खाली आणा. टेक्श्चरला हात लावायचा तो ग्राफिक्स मेमरी भरत असेल तरच.

मला मात्र यातला दुसराच प्रश्न जास्त आवडतो. लो, मीडियम, हाय, अल्ट्रा अशा चार पायऱ्यांची दहा सेटिंग असतील, तर त्यांच्या जोडण्या दहा लाखांवर जातात. एवढ्या चाचण्या करायच्या कुणी?

उत्तरासाठी पत्ते काढा. चारही रंगांचे एक्के, राजे, राण्या आणि गुलाम. ही सोळा पानं चार बाय चारमध्ये अशी लावा, की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत चारही चित्रं आणि चारही रंग एकेकदाच येतील. सुरुवात करून देतो. पहिली ओळ : इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट राणी, किलवर गुलाम. दुसरी : चौकट राजा, किलवर एक्का, इस्पिक गुलाम, बदाम राणी. उरलेल्या दोन तुमच्या.

आता आडवी ओळ म्हणजे सावल्या, उभी म्हणजे टेक्श्चर, चित्र म्हणजे रिफ्लेक्शन आणि रंग म्हणजे गेममधल्या रस्त्यावरची गर्दी समजा. चार सेटिंगच्या २५६ जोडण्यांऐवजी सोळाच चाचण्या, आणि कुठल्याही दोन सेटिंगच्या पायऱ्यांची प्रत्येक जोडी त्यात नेमकी एकदा येते! तीन सेटिंग मिळून घोटाळा करत असतील तर तो निसटू शकतो, हे खरं. तरी शेतीच्या प्रयोगांपासून सॉफ्टवेअर टेस्टिंगपर्यंत ही युक्ती चालत आली आहे.

गणितज्ञ ऑयलरने १७८२ साली म्हटलं होतं, की अशी मांडणी सहाच्या चौरसात होणार नाही, दहाच्या, चौदाच्या, अठराच्याही नाही. सहाबद्दल तो बरोबर होता. बाकी सगळ्यांबद्दल तो चुकला, हे १९५९मध्ये तिघांनी दाखवलं : राज चंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले आणि २०२०मध्ये, वयाची १०२ वर्षं पूर्ण करून गेले. इतकं असून कंप्युटर शिकणाऱ्या आपल्या किती मुलांना त्यांचं नाव माहीत आहे?

त्यांच्यामुळे आज दहा-दहा पायऱ्यांची चार सेटिंग शंभर चाचण्यांत अशी तपासता येतात. पाचवं सेटिंग त्याच शंभरात बसवता येईल का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. बसणारच नाही, हेही नाही.