अब्बा परदेशात, मुलांचा अभ्यास कोणाच्या हवाली?

रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवरील मुस्लिम मोहल्ल्यांत घरचा कर्ता पुरुष दूर असणे नवे नाही. पूर्वी कोणी आगबोटीवर असे, कोणी आफ्रिकेत. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि कुवेत, सौदी, दुबईची वाट रुळली. त्या कमाईतून घरे उभी राहिली, मुले चांगल्या शाळांत गेली. पण त्या मुलांच्या अभ्यासाचे काय झाले, हेही विचारले पाहिजे.

वडिलांविना वाढणाऱ्या मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा आढावा समाजशास्त्रज्ञ सारा मॅक्लानहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतला. परीक्षेतील गुणांवर होणारा परिणाम त्यांना फारसा ठळक दिसला नाही. मात्र मुलांची वागणूक बिघडणे आणि शालेय शिक्षण अर्धवट सुटणे, याचे पुरावे अधिक भक्कम होते. ही मुले मुख्यतः आईवडील विभक्त झालेल्या घरांतली होती. आपल्याकडे घर मोडलेले नसते, पैसाही येत असतो. तरीही इशारा लक्षात घेण्यासारखा आहे: नुसती गुणपत्रिका पाहून निश्चिंत होऊ नये.

आपल्या घरांत हे कसे घडते? बाजार, बँक, दवाखाना ही कामे थोरल्या मुलावर येतात. वही उघडण्याआधीच तो दमलेला असतो. दहावीनंतर आपणही अब्बांकडेच जाणार, हे मनात पक्के झाले की पुस्तक नकोसे होते. इकडे सारी शिस्त एकट्या अम्मीला लावावी लागते आणि सुट्टीवर आलेले अब्बा फक्त लाड करतात.

म्हणून काही गोष्टी ठरवून कराव्यात. सौदी आणि कुवेतची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. तिथली संध्याकाळ होते तेव्हा इथली लहान मुले झोपायला आलेली असतात. तेव्हा फोनची वेळ मुलांच्या सोयीने ठरवावी. "किती मार्क पडले?" एवढेच न विचारता "आज काय शिकलास?" हे विचारावे. वर्गशिक्षकांचा नंबर अब्बांकडेही असावा. महत्त्वाचे निर्णय अम्मी-अब्बांनी आधी आपसात बोलून घ्यावेत, म्हणजे मुलांना दोन वेगवेगळी उत्तरे मिळणार नाहीत. दादा, नाना, मामू यांपैकी एकाने आठवड्यातून एकदा मुलांजवळ बसावे.

भगिनींनी शाळेत जायला संकोचू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. तिथे बसण्याचा तुम्हाला हक्क आहे.

इमाम बुखारी आणि इमाम शाफई यांचे वडील ते लहान असतानाच वारले. दोघांनाही आईने घडवले. पण ज्या मुलांचे वडील हयात आहेत, त्यांनी वडिलांविना का वाढावे? दर महिन्याला पैसे पाठवण्याची तारीख चुकत नाही, तशीच मुलांशी बोलण्याची वेळही चुकू नये.