वाळवंटानं राखलेली विमानं

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टूसॉन शहर सोनोरन वाळवंटात वसलं आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर, उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडणारा. शहराबाहेर पडलं की सग्वारो निवडुंगांची रानं लागतात. जमिनीत चुन्याचा असा टणक थर आहे, की अवजड विमानही काँक्रीट न ओतता थेट मातीवर उभं करता येतं. माणसाला सोसवत नाही अशी ही हवा विमानांना मात्र मानवते. दमटपणा नाही, त्यामुळे गंज फार सावकाश चढतो.

या हवेचा फायदा पहिल्यांदा अमेरिकी सैन्यानं उचलला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हजारो विमानं एका दिवसात बिनकामाची झाली. त्यातली काही मोडीत निघाली, तर काही पुढं लागतील म्हणून ठेवायची ठरलं. १९४६ साली टूसॉनच्या डेव्हिस-माँथन हवाई तळावर बी-२९ बॉम्बफेकी आणि सी-४७ मालवाहू विमानं येऊन उभी राहू लागली. तो तात्पुरता मुक्काम वाढतच गेला. आज तिथं सुमारे २,६०० एकरांवर लष्करी विमानांच्या रांगा आहेत. लोक त्या जागेला ‘बोनयार्ड’ म्हणतात. तिच्याच कुंपणापलीकडे ‘पिमा एअर अँड स्पेस म्युझियम’ आहे. सरकारी निधीवर न चालणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या विमान संग्रहालयांत त्याची गणना होते.

बोनयार्डचं काम समजून घेतल्याशिवाय हे संग्रहालय समजत नाही. विमान आलं की आधी त्यातली शस्त्रं आणि मोलाची उपकरणं काढतात. इंधनाच्या टाक्या रिकाम्या करून त्यांत पातळ तेल फिरवतात, म्हणजे आतल्या नळ्यांना तेलाचा थर बसतो. मग काचा, फटी आणि सांधे यांवर पुढे सोलून काढता येईल असा लेप चढतो. त्याचा वरचा थर पांढरा असतो, कारण उन्हात बंद विमानाच्या आतलं तापमान एरवी भयंकर चढतं. इतकी निगा राखल्यावर काही विमानं खरोखरच पुन्हा उडतात. ‘घोस्ट रायडर’ नावाचं बी-५२ बॉम्बफेकी विमान २०१५ साली इथून उठून परत सेवेत दाखल झालं. बाकीच्यांच्या नशिबी सुटे भाग काढून घेणं आणि शेवटी भट्टी. सोव्हिएत संघाशी झालेल्या शस्त्रकपातीच्या करारानुसार इथं ३६५ बी-५२ विमानं तोडण्यात आली. जवळजवळ सहा टनांचं पातं क्रेननं उंच उचलून विमानावर सोडलं जाई. मग ते तुकडे तसेच उघड्यावर ठेवत, कारण समोरच्या पक्षाला आपल्या उपग्रहांतून त्यांची खात्री करून घ्यायची असे.

पिमा संग्रहालयाचा जन्म या मोडतोडीच्या आवारातच झाला. १९६६ साली हवाई तळाच्या आणि साठवण केंद्राच्या प्रमुखांच्या लक्षात आलं, की महायुद्धातली आणि पन्नासच्या दशकातली विमानं झपाट्यानं भट्टीत जात आहेत. काही प्रकार तर समूळ नाहीसे होणार होते. मग त्यांनी प्रत्येक प्रकारातली निवडक विमानं बाजूला काढली आणि रस्त्यावरून लोकांना दिसतील अशी कुंपणालगत उभी केली. त्यातून नागरिकांचं एक प्रतिष्ठान उभं राहिलं, पिमा काउंटीनं जागेसाठी पुढाकार घेतला आणि ८ मे १९७६ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं. आज जवळपास ४०० विमानं, त्यांतली मोजकी हँगरमध्ये आणि बाकी मोकळ्या आकाशाखाली, असा हा पसारा आहे. १९०३ च्या राइट बंधूंच्या विमानाच्या प्रतिकृतीपासून बोइंग ७८७ पर्यंतचा काळ इथं एका दिवसात पायी ओलांडता येतो.

या गर्दीत एक विमान असं आहे, की त्याच्याजवळ भारतीय माणसानं थोडं जास्त थांबावं. चार इंजिनांचं, उंच खांद्यावर लांब अरुंद पंख आणि मागे दोन उभ्या शेपट्या असलेलं बी-२४ लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ही विमानं १८,००० हून अधिक बांधली. एवढ्या संख्येनं दुसरं कुठलंच अमेरिकी लष्करी विमान बांधलं गेलं नाही. आज त्यातली धड उरलेली डझन-दीड डझनच भरतील.

पिमामधलं लिबरेटर १९४४ साली बांधलं गेलं आणि ब्रिटिश हवाई दलाकडे गेलं. जपानविरुद्धच्या लढाईत ब्रिटिशांची लिबरेटर भारतातून बर्मावर जात. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडून उधारीच्या करारावर घेतलेली ही विमानं परत नेणं ब्रिटिशांना परवडणारं नव्हतं आणि वापरात ठेवण्याची मुभा नव्हती. तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर ती सोडून दिली गेली, तीही पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम नासधूस करून.

१९४८ साली नव्या भारताच्या हवाई दलाकडे दूर पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान नव्हतं आणि विकत घ्यायला परकीय चलनही नव्हतं. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी चकेरीच्या त्या ढिगाऱ्याकडे मोर्चा वळवला. एकाची इंजिनं, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची उपकरणं असं जुळवत त्यांनी विमानं कशीबशी उडण्याजोगी केली. मग ती कानपूरहून उडवत बंगळूरला नेली आणि तिथं त्यांची पूर्ण दुरुस्ती केली. अशी चाळीसएक विमानं उभी राहिली. त्यांच्या बळावर १९४८ साली हवाई दलाचं पाच क्रमांकाचं स्क्वाड्रन सुरू झालं. १९५१ साली सहा क्रमांकाचं स्क्वाड्रन पुण्यात पुन्हा उभारण्यात आलं आणि समुद्रावरच्या टेहळणीचं काम त्याच्याकडे आलं. लोहगावच्या धावपट्टीवरून उठून अरबी समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालणारी लिबरेटर १९६८ पर्यंत सेवेत होती. तोवर बाकीच्या जगानं ती कधीच निकालात काढली होती.

याच ताफ्यातलं एचई ८७७ क्रमांकाचं विमान भारतानं टूसॉनच्या संग्रहालयाला दिलं आणि १९६९ साली ते स्वतःच्या इंजिनांवर उडत तिथं पोचलं. योग असा, की महायुद्धात डेव्हिस-माँथन तळावरच लिबरेटरच्या वैमानिकांना प्रशिक्षण दिलं जाई. आता त्याच्या नाकावर ‘बंगे बकारू’ हे इंग्लंडमधल्या एका अमेरिकी तुकडीची आठवण देणारं नाव आहे. भारतातली वीस-बावीस वर्षं त्याच्या रंगांत कुठं दिसत नाहीत. पण कानपूर, बंगळूर आणि पुण्यातल्या हातांनी ते सांभाळलं नसतं, तर या हँगरमधली ती जागा रिकामीच राहिली असती. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लिबरेटरही भारतातूनच गेलेलं आहे आणि कॅनडातलंही.

हँगरबाहेर पडलं की मोजमापंच बदलतात. बी-३६ पीसमेकरचा पंखविस्तार ७० मीटर. पंखांच्या मागच्या कडेला पंख्याची सहा इंजिनं आणि टोकांकडे चार जेट अशी दहा इंजिनं त्याला होती. पंख्याच्या इंजिनांचा काळ संपत होता, जेटचा पुरता आला नव्हता. त्या संधिकालातलं हे अणुबॉम्बवाहू विमान. इथं उभं आहे ते या जातीतलं बांधलं गेलेलं शेवटचं. टेक्सासहून ते सुटं करून आणावं लागलं.

जवळच एक जुनं बी-५२ आहे. त्याच्या उजव्या पंखाखाली नीट पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. एक भक्कम लोखंडी टांगणी आणि पंखाच्या मागच्या कडेत कापलेली खाच. ही खाच एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या शेपटीसाठी केलेली. एक्स-१५ ला जमिनीवरून उडवलं तर त्याचं इंधन वर चढण्यातच संपलं असतं. म्हणून हे बी-५२ त्याला पंखाखाली घेऊन सुमारे १४ किलोमीटर उंच जाई आणि तिथून सोडून देई. ८ जून १९५९ रोजी एक्स-१५ नं पहिलं स्वतंत्र उड्डाण केलं ते याच पंखाखालून. पुढे एक्स-१५ जातीच्याच विमानानं ध्वनीच्या साडेसहा पटीहून अधिक वेग गाठला.

ध्वनीच्या तिप्पट वेगानं जाणारं एसआर-७१ ब्लॅकबर्ड आत ठेवलेलं आहे. त्या वेगाला हवेच्या घर्षणानं ॲल्युमिनियम मऊ पडतं, म्हणून सांगाडा बहुतांशी टायटॅनियमचा केला. त्यातलं बरंचसं टायटॅनियम मधल्या कंपन्यांमार्फत सोव्हिएत संघातूनच विकत घेतलं होतं, आणि हे विमान टेहळणी करणार होतं मुख्यतः सोव्हिएत गोटावरच. पिमामधल्या या विमानाचा आणखी एक इतिहास आहे. सत्तरच्या दशकात नासानं ते संशोधनासाठी वापरलं, तेव्हा एसआर-७१ ही ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला वायएफ-१२सी हे दुसरंच नाव आणि खोटा अनुक्रमांक दिला गेला होता.

सुपर गपी हे फुगीर डोक्याचं विमान लहान मुलांना हमखास आवडतं. सॅटर्न रॉकेटचे अवाढव्य भाग रस्त्यानं नेणं अशक्य आणि समुद्रमार्गे नेणं वेळखाऊ. म्हणून जुन्या विमानाचा वरचा भाग कापून त्यावर साडेसात मीटर व्यासाचं पोट चढवलं. माल चढवताना त्याचं अख्खं नाक दारासारखं बाजूला उघडतं. दुसऱ्या टोकाला स्टार बंबलबी आहे. जगातल्या सर्वांत छोट्या विमानाचा मान मिळवण्यासाठी बांधलेल्या या दुपंखी विमानाचा पंखविस्तार दोनच मीटर आहे आणि १९८४ साली ते माणसाला घेऊन खरोखर उडालं होतं.

हेच प्रतिष्ठान टूसॉनच्या दक्षिणेला आणखी एक जागा सांभाळतं. शीतयुद्धात अमेरिकेनं ५४ टायटन-२ अण्वस्त्र क्षेपणास्त्रं जमिनीखालच्या विवरांत सज्ज ठेवली होती. त्यातली १८ टूसॉनभोवती होती. बाकीची सगळी विवरं बुजवली गेली. हे एक मात्र १९८६ पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे. ३१ मीटर उंचीचं क्षेपणास्त्र आत उभं आहे आणि नियंत्रण कक्षात ज्या दोन किल्ल्या दोघांनी एकाच वेळी फिरवायच्या होत्या, त्याही पाहता येतात.

कोरडी हवा गंज रोखते, पण ऊन काही सोडत नाही. रंग उडतो, टायरचं रबर चिरतं, कॉकपिटच्या पारदर्शक झाकणांवर बारीक भेगांचं जाळं पसरतं. पोकळ्यांत पक्षी घरटी करतात. त्यामुळे दुरुस्तीचं काम कधी संपत नाही. तिकिटं, देणग्या आणि स्वयंसेवक यांच्यावर ते चालतं. माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवकांत निवृत्त वैमानिक आणि तंत्रज्ञही असतात.

जपणुकीला पैसा आणि चिकाटी दोन्ही लागतात, हे महाराष्ट्रानं जवळून पाहिलं आहे. ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पण तिच्या देखभालीची कायमची सोय लागली नाही आणि २०१४ साली दारुखान्यात तिची तोडणी सुरू झाली.

गोव्यात मात्र एक मोलाचं विमान टिकलं आहे. पिमामध्ये लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीची विमानं आहेत आणि त्यातलं एक जनरल आयझेनहॉवर वापरत असत. याच जातीच्या ‘मलबार प्रिन्सेस’नं ८ जून १९४८ रोजी मुंबईहून एअर इंडियाची लंडनची पहिली सेवा सुरू केली. तिच्या पुढच्या पिढीतली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं प्रवासी सेवेतून निघाल्यावर साठच्या दशकात पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनकडे आली आणि लिबरेटरच्या जोडीनं समुद्रावर गस्त घालू लागली. १९७६ साली ती नौदलाकडे गेली आणि तिथून ऐंशीच्या दशकात निवृत्त झाली. त्यातलं एक दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आजही पाहता येतं. त्याला ॲरिझोनाची हवा लाभलेली नाही. खारा वारा आणि कोकणचा पाऊस झेलत ते उघड्यावर उभं आहे. पुण्याच्या स्क्वाड्रनच्या या दोन्ही जातींची विमानं पाहायला टूसॉनपर्यंत जावंच लागतं असं नाही. सुपर कॉन्स्टेलेशन बोगमाळोत आहे आणि एक लिबरेटर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात.