पानावरील मेण आणि पत्रद्रव्यांचा संग्रह

भाजे लेण्यांस येणाऱ्यांची दृष्टी सहसा चैत्यगृहाच्या भव्य कमानीवर खिळते. आम्हां वैद्यांची मात्र पायऱ्यांच्या कडेच्या झाडोऱ्यातच अडकून राहते. मावळातील या उतारांवर पावसाळ्याचे चार महिने पाण्याला तोटा नसतो. परंतु काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असल्याने बहुतेक पाणी वाहून जाते आणि कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत झाडांस जवळजवळ कोरडेच दिवस काढावे लागतात. साग, पळस यांसारखे वृक्ष पाने गाळून पाण्याचा व्यय टाळतात. करवंद, अंजनी, जांभूळ मात्र वैशाखातही हिरवीगार व चकचकीत दिसतात. ही चकाकी म्हणजे केवळ शोभा नव्हे.

पानाच्या बाह्य पृष्ठावर क्युटिन नामक द्रव्याचे पातळ आवरण असते. त्यात व त्यावर मेणाचा लेप असतो. पानातील पाणी एरवी मुख्यत्वे पर्णरंध्रांतून बाष्परूपाने बाहेर पडते. अवर्षणात झाड ही रंध्रे मिटून घेते. त्यानंतर जे पाणी झिरपते ते या आवरणातूनच. म्हणजे दार लावल्यावर भिंत किती ओलावा सोडते यावर पानाचे जगणे ठरते. अनेक वनस्पतींत पाण्याचा ताण पडताच मेणाची निर्मिती वाढते असे आढळले आहे. तथापि लेप जाड तितका उत्तम, असे सरसकट म्हणता येत नाही. मेणाच्या लांब स्निग्ध शृंखला किती दाट रचल्या आहेत, यास अधिक महत्त्व आहे. रुक्ष त्वचेवर आपण सिक्थतैल योजतो, त्याची येथे आठवण व्हावी.

औषधनिर्मात्या बंधूंस हे मेण अपरिचित नाही. गोळ्यांना झिलई देण्यासाठी वापरले जाणारे कार्नोबा मेण ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरून झाडून काढतात. कँडेलिला मेण तर मेक्सिकोच्या वाळवंटी भागातील, आपल्या स्नुहीच्याच प्रजातीतील एका झुडपापासून मिळते.

आता आमच्या प्रमादाविषयी. काही वर्षांपूर्वी इंद्रायणीकाठची करंजाची जून पाने आम्ही वैशाखात गोळा करून अखंडच सावलीत पसरली. चार-पाच दिवसांत ती वरून वाळल्यासारखी वाटली, म्हणून पोत्यांत भरली. पंधरा दिवसांनी पोते उघडले तेव्हा देठ व मध्यशिरा यांच्यालगत बुरशी होती. सगळा माल टाकावा लागला. ज्या आवरणाने झाडावर असताना पाणी राखले, त्यानेच ते पोत्यातही राखले होते! तेव्हापासून अशी चकचकीत पाने आम्ही आडवी चिरून, पातळ थरात, वारा खेळेल अशी वाळवतो आणि मध्यशिरा कडकन मोडल्यावाचून भरत नाही.

बुरशी निदान दिसते तरी. वजनातील चूक दिसत नाही. आर्द्र द्रव्य शुष्काच्या द्विगुण घ्यावे, ही परिभाषा आपण जाणतो. अर्धवट ओले पान शुष्क समजून तोलले, तर क्वाथात द्रव्य कमी पडते आणि गुण न आल्याचा दोष योगास दिला जातो. क्वाथासाठीही अशी पाने अखंड टाकू नयेत. भरड करावी, म्हणजे पाण्यास आत शिरण्यास तुटलेल्या कडा मिळतात.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात शाखा व पाने कोवळी असताना, वर्षा व वसंत ऋतूंत घ्यावीत असे सांगितले आहे. कोवळ्या पानावर हे आवरण पुरते जमलेले नसते. आचार्यांच्या मनात हेच कारण होते, असा आमचा दावा नाही; असे मेळ घालण्याची हौस आपल्यात अंमळ जास्तच आहे. परंतु वाळवणाच्या दृष्टीने हा नियम सोयीचा ठरतो, एवढे निश्चित.

आणखी एक गोष्ट. मळवली स्टेशनहून भाज्यास चालत जाताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. 2002 मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. वाहनांच्या धुरातील स्निग्धविद्राव्य द्रव्ये पानावरील मेणात मुरतात, आणि फवारणीच्या अनेक कीटकनाशकांचेही तसेच होते. वरची धूळ पाण्याने निघते. मेणात मुरलेले निघत नाही. सबब मार्गालगतची पाने, कितीही टवटवीत दिसली तरी, आम्ही घेत नाही. पाने पुरवणाऱ्यास दराआधी ती कोठून तोडली, हे विचारतो.