थंड पाण्याच्या माशाकडे

रिसोड तालुक्यातल्या रिठदला मासा म्हटलं की आधी मरळ आठवते. उन्हाळ्यात डोहाचं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू सरत येतो, तरी मरळ तग धरते. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक जास्तीची पोकळी असते. ती वर येते, हवेचा घोट घेते आणि पुन्हा तळ गाठते. हिमालयातल्या ट्राउटला ही सोयच नाही. लागेल तेवढा प्राणवायू त्याला पाण्यातूनच काढावा लागतो, आणि तो थंड पाण्यातच भरपूर विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात तो सुमारे 11.3 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7.5. त्यात पाणी तापलं की माशाची गरज उलट वाढते. विशीच्या वर ट्राउटचं खाणं मंदावतं, पंचविशीच्या आसपास जिवावर बेतू लागतं. पैनगंगेत त्याचा एक वैशाखही निघणार नाही.

म्हणून गळ घेऊन ट्राउटकडे जायचं ठरवलं, की महिना, वेळ, जागा, तंबू हे सगळं पाण्याचा गारवाच ठरवतो.

हा मासा मुळात हिमालयाचाही नाही. 1899 मध्ये काश्मीरसाठी विलायतेहून निघालेली त्याची अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली. त्या काळी अशी अंडी ओल्या शेवाळाच्या थरांत, बर्फाच्या गारव्यात पाठवत. गारव्यात आतल्या जिवाची वाढ संथ होते, आणि त्या संथपणाच्या बळावर एका माशाचा वंश उष्ण समुद्र ओलांडून आला! 1909 च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तो कुलूच्या नद्यांत उतरला. तिथला मूळ रहिवासी असेला मासा. त्याच्या घरात हा पाहुणा कायमचा राहिला, हेही विसरू नये.

रिठदहून जायचं तर मला कुलूतलीच तीर्थन नदी सर्वांत योग्य वाटते. वाशीम किंवा अकोल्याहून रेल्वेने दिल्लीची वाट धरायची, तिथून मनालीच्या बसने औटपर्यंत. पुढे लारजी, बंजार करत गुशैणी. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, 2014 पासून जागतिक वारसा यादीत. मासेमारीचा परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून आधी घ्यावा.

आता नदीकाठी पोचलो, तर उभं कुठे राहायचं? इथे मला सर्वांत नवल वाटतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं अख्खं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तो एक फूट खोल असेल तर ती खिडकी सव्वादोन फुटांची. आभाळ, झाडं, काठावरचा माणूस, सगळं तेवढ्यात दाबून बसलेलं, आणि खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे तळ दाखवणारा आरसा. कडेचं, अगदी खालच्या कोनातलं दृश्य फार चेपतं. म्हणून वाकून, बसून जाणारा माणूस त्याला जवळपास दिसतच नाही. शिवाय ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याच्याकडे खालच्या अंगाने, पाठीमागून जावं.

गळही वेगळा. आपल्याकडे गांडूळ लावतात आणि शिशाच्या वजनाने दोर लांब जातो. इथे गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून किडा बनवलेला असतो, त्याला वजन नसतंच. मग फेकायचं काय? जाड, जड दोरीच. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची, काठी वाकते, आणि पुढच्या झटक्यात दोरीच त्या हलक्या किड्याला ओढून नेते. हा नकली किडा बहुधा मेफ्लाय नावाच्या किड्याची नक्कल असतो. तिची अळी महिनोन्‌महिने दगडाखाली वाढते, आणि पंख फुटल्यावर उरतं काही तासांचं किंवा दिवसा-दोन दिवसांचं आयुष्य. तिला तेव्हा खाण्याजोगं तोंडही नसतं.

तंबू मात्र पात्रातल्या रेतीवर कधीच नको, ती कितीही सपाट दिसो. दुपारी वर वितळलेल्या बर्फाचं पाणी संध्याकाळी खाली येतं, आणि धरणाखाली तर ते अचानक येतं. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीत उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. काठाच्या उंच बांधावरच झोपावं.

मासा लागलाच तर हात ओले करूनच धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. काटा नसलेला गळ वापरून त्याला परत सोडावं, असं माझं मत.

राहिला महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मादी खडीत अंडी घालते. 10 अंशांच्या पाण्यात ती फुटायला साधारण 40 दिवस लागतात, त्याहून थंड पाण्यात आणखी. पावसाळ्यात नदी गढूळ. ऑक्टोबर चांगला, पण तेव्हा आपल्याकडे सोयाबीनची काढणी. तेव्हा हरभरा घरात आला की, मार्चअखेर निघावं. आरक्षण त्याआधीच केलेलं बरं.