रंगाची साक्ष

वाळूच्याच कुळातील सिलिकेचा कण दिसावयास कितीही निरिच्छ भासला, तरी त्याच्या पृष्ठभागावर, दर वर्ग नॅनोमीटरास सुमारे ५ या हिशेबाने, सिलॅनॉल नावाचे आम्लधर्मी गट वास करून असतात, आणि जवळ येईल त्या रेणूस हायड्रोजन-बंधाने अडकवून ठेवण्यास ते सदैव सिद्ध असतात. ही वृत्ती अडचणीची ठरते तेव्हा कणांवर बहुवारिकाचा पातळ लेप चढवितात. परंतु लेपानंतर तो पृष्ठभाग कितपत ध्रुवीय उरला, याची खातरजमा कोणत्या काट्याने करावयाची?

काटा नाही, म्हणून रंगाची साक्ष काढावी लागते. कार्ल डिमरोथ, ख्रिस्तियान रायकार्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये मारबुर्ग येथून प्रसिद्ध केलेला बीटेन रंग मिथेनॉलात तांबडा, इथेनॉलात जांभळा आणि ॲसिटोनमध्ये हिरवा दिसतो. त्याच्या एका टोकास धन व दुसऱ्यास ऋण भार असल्यामुळे ध्रुवीय परिसरात त्याची मूळ अवस्था अधिक स्थिरावते, तिला उत्तेजित करण्यास जास्त ऊर्जा लागते, आणि शोषण डायफेनिल ईथरमधील ८१० नॅनोमीटरवरून पाण्यात थेट ४५३ वर येते. २८५९१ या संख्येस या तरंगलांबीने भागले की ‘ई-टी (३०)’ हे मान किलोकॅलरीत मिळते, पाण्याचे ६३.१. त्यातील ३० म्हणजे मूळ निबंधातील त्या संयुगाचा अनुक्रमांक, एवढेच!

उघड्या सिलिकेपुढे मात्र हा साक्षीदार फितूर होतो: सिलॅनॉलचा प्रोटॉन घेऊन तो आपला मोजावयाचा रंगच गमावतो. केम्निट्स येथील स्टेफान श्पांगे यांनी म्हणून दोन फेनँथ्रोलिन व दोन सायनाइड धारण करणारे लोहाचे संयुग कामी लावले. त्यातील सायनाइडचा नायट्रोजन सिलॅनॉलशी बंध जोडतो आणि शोषण आखूड तरंगलांबीकडे सरकते. चूर्ण डायक्लोरोइथेनमध्ये ढवळले, की दोहोंचे अपवर्तनांक जवळपास सारखे असल्याने दुधाळपणा ओसरतो आणि प्रकाश आरपार जाऊन वर्णपट घेता येतो, ही युक्ती मला विशेष मोहक वाटते.

लेपित कणांचा मामला अधिक नाजूक आहे. लेपास फटी असल्या, तर रंगाचा रेणू नेमका त्यांतून शिरून खालच्या सिलॅनॉलास बिलगण्याचा संभव असतो, आणि मग जो आकडा हाती येतो तो लेपाचा नसून फटीचा असतो. याउलट पॉलिव्हिनिलअमाइनसारख्या क्षारधर्मी लेपाने सिलॅनॉल झाकले गेले, की तोच बीटेन रंग तेथे टिकून जबानी देऊ शकतो. एकाच चूर्णाविषयी दोन रंगांनी वेगवेगळी मते दिली, तर एकास खोटे ठरविण्याची घाई जाणकार करीत नाही. प्रत्येक जण कोठे बसला होता, हे तो आधी तपासतो.