डेटाबेसचा छोटासा अपडेट आला आणि एक्स्टेन्शन कोसळलं! असं का होतं?

मोहोपाड्याला लागूनच रसायनी आणि पाताळगंगा एमआयडीसी आहे. समजा, तिथल्या एखाद्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरचं तापमान दर सेकंदाला नोंदवलं जातंय. एका सेन्सरच्या दिवसाला 86,400 नोंदी झाल्या. असे शंभर सेन्सर असतील तर?

एवढा डेटा ठेवायला पोस्टग्रेस हा ओपन सोर्स डेटाबेस वापरता येतो. त्यावर 'टाइमस्केलडीबी' नावाचं एक्स्टेन्शन चढवलं, की वेळेनुसार येणाऱ्या नोंदींचे तुकडे पाडून त्या ठेवल्या जातात आणि शोधणं सोपं होतं.

एक्स्टेन्शन म्हणजे मिक्सरचं वेगळं घेतलेलं भांडं समजा. मोटर एका कंपनीची, भांडं दुसऱ्याचं. खालचा कपलर जुळला तरच ते फिरणार. आणि पोस्टग्रेसमध्ये हा कपलर दरवर्षी थोडा बदलतो.

दरवर्षी काय बदलतं?

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण वर्षाला एक येते आणि तिला पाच वर्षं सपोर्ट मिळतो. तुम्ही लिहिलेल्या क्वेरी सहसा तशाच चालतात. पण एक्स्टेन्शन थेट पोस्टग्रेसच्या आतली फंक्शन्स वापरतं, आणि ती तशीच राहतील असं वचन कुणी दिलेलं नाही.

उदाहरण पुण्याजवळचं आहे. पोस्टग्रेसमधून मायएसक्यूएलचा डेटा वाचता येईल असं एक ओपन सोर्स एक्स्टेन्शन एंटरप्राइझडीबी ही कंपनी सांभाळते. तिचं एक ऑफिस पुण्यात आहे. अशा एक्स्टेन्शनला 'बाहेरचं टेबल कसं वाचायचं' हे पोस्टग्रेसला सांगायला एक ठरलेलं फंक्शन लागतं. आवृत्ती 17मध्ये (2024) त्या फंक्शनला एक जादा माहिती द्यावी लागू लागली. 18मध्ये (2025) आणखी एक. म्हणजे कोडमध्ये '17 असेल तर असं, 18 असेल तर तसं' लिहीत बसायचं. नवी सोय एकही नाही, फक्त आहे ते चालू ठेवायची मेहनत. वापरणाऱ्याला ती दिसतही नाही.

मग नोव्हेंबर 2024मध्ये काय झालं?

मोठ्या आवृत्तीसाठी निदान पहारेकरी आहे. 16साठी बनवलेलं एक्स्टेन्शन 17वर लोड करायला गेलात, तर पोस्टग्रेस दारातच अडवतो. छोट्या अपडेटला मात्र ही तपासणी नाही, कारण त्यात आतली मापं बदलणार नाहीत असं गृहीत धरलेलं असतं.

14 नोव्हेंबरला 17.1 आणि जुन्या आवृत्त्यांचे छोटे अपडेट आले. त्यात एका अंतर्गत रचनेत एक छोटा रकाना वाढला आणि रचनेचा आकार बदलला. एक्स्टेन्शन जुन्या मापाने जागा राखत होतं, पोस्टग्रेस नव्या मापाने लिहीत होता. टाइमस्केलडीबीसह अनेक एक्स्टेन्शन्सना फटका बसला. टाइमस्केलने आपल्या वापरकर्त्यांना अपडेट करू नका असं सांगितलं. पण त्याच अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही होत्या. म्हणजे घेतला तर सर्व्हर कोसळायची भीती आणि नाही घेतला तर दार उघडं.

पोस्टग्रेसवाल्यांनी आठवड्याभरात, 21 नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेर 17.2 आणला. रचना पुन्हा जुन्या आकाराची केली. तो रकाना काढला नाही, आधीच्याच रिकाम्या फटीत बसवला.

मग आतलं सगळं गोठवून का ठेवत नाहीत? तसं केलं तर डेटाबेस सुधारणारच नाही. 2011मध्ये बाहेरची टेबलं फक्त वाचता यायची, 2013पासून त्यात लिहिताही येऊ लागलं. हे आतले सांधे हलवूनच झालं. खरी अडचण वेगळी आहे. बदल करणारे एक आणि त्याचा हिशेब चुकवणारे दुसरे, अनेकदा विनामोबदला काम करणारे.

कारखान्यातल्या आयटीवाल्याने एवढं करावं: अपडेट आधी चाचणीच्या सर्व्हरवर, एक्स्टेन्शनसकट चालवून बघावा. एक्स्टेन्शनवाल्यांना थोडा दिलासा मात्र मिळतो. नोव्हेंबर 2025मध्ये आवृत्ती 13चा सपोर्ट संपला, त्यामुळे '13 असेल तर' या ओळी आता खोडता येतात.