कर्जाच्या ऑनलाइन जाहिराती आणि विश्वासाची कसोटी

पाच मिनिटांत कर्ज मिळेल, असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाइलच्या पडद्यावर आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यातील कोणती जाहिरात रीतसर व्यवसाय करणाऱ्या कंपनीची आणि कोणती फसवणूक करणाऱ्यांची, हे ओळखणे मात्र सामान्य ग्राहकाला कठीण जाते. वित्त तंत्रज्ञान क्षेत्रातील प्रामाणिक नवउद्योगांनाही या संशयाचा फटका बसतो.

हा संशय निराधार नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १,१०० कर्ज अ‍ॅप उपलब्ध होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती, असे त्यात नमूद करण्यात आले होते.

इंटरनेटवरील शोधासोबत दिसणाऱ्या जाहिरातींची जागा लिलावाने ठरते. ‘तातडीचे कर्ज’ यासारख्या शब्दांसाठी अनेक कंपन्या बोली लावतात आणि पुढे कर्ज दिले जावो वा न जावो, प्रत्येक क्लिकचे पैसे मोजावे लागतात. समजा, एका क्लिकला २० रुपये पडले आणि शंभर जणांपैकी दोघांनीच कर्ज घेतले, तर एका ग्राहकामागे एक हजार रुपये खर्च होतात. त्याच जाहिरातीत व्याजदर, मुदत आणि पात्रतेची अट आधीच सांगितली व केवळ साठ जणांनी क्लिक केले, पण तिघांनी कर्ज घेतले, तर हा खर्च चारशे रुपयांवर येतो. क्लिकच्या किंवा अ‍ॅप डाउनलोडच्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्या कंपन्या नेमका हाच हिशेब विसरतात. ओळख पडताळणीपर्यंत येऊन परत फिरलेला ग्राहक कंपनीच्या खर्चात मोजला जातोच.

नियमांचा रोखही याच दिशेने आहे. गुगलच्या प्ले स्टोअरवर साठ दिवसांच्या आत पूर्ण परतफेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना परवानगी नाही. ग्राहकाचे संपर्क क्रमांक व छायाचित्रे पाहण्यासही अशा अ‍ॅपना ३१ मे २०२३ पासून मनाई करण्यात आली. रिझर्व्ह बँकेच्या मे २०२५ मधील निर्देशांनुसार, एकाहून अधिक संस्थांची कर्जे सुचवणाऱ्या अ‍ॅपने प्रत्येक प्रस्तावासोबत कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, रक्कम, मुदत आणि शुल्कासह वार्षिक दर दाखवणे आवश्यक आहे. ग्राहकाला फसवून एखाद्या प्रस्तावाकडे वळवणारी मांडणीही त्यांना करता येत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असा नियम आहे. जाहिरात मराठीत आणि पुढची सर्व पाने इंग्रजीत असतील, तर ग्राहक मध्येच थांबतो. थांबला नाही, तर पुढे तक्रारीला जागा राहते.

मान्यताप्राप्त संस्थांशी जोडलेल्या कर्ज अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून उपलब्ध आहे. त्या संस्थांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर ती आधारलेली असल्याने, यादीतील नाव म्हणजे रिझर्व्ह बँकेची शिफारस, असा दावा जाहिरातीत करता येत नाही.